नाभीखाली पाच बोटं

ट्युनिस, १२ फेब्रुवारी २०२३

बाबा, सलाम.

पत्र बघून हसू नका. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही. मी ओरडले की वसतिगृहातल्या मुली दारं उघडून बघतात, आणि तिकडे तुम्ही ओरडलात की मी काय जेवले ते अख्ख्या उलाद सालम गावाला कळतं. शाळेत असताना स्फाक्सहून लिहायचे तसंच लिहीन. टॅक्सीवाला बशीर धक्क्यापर्यंत पोचवतो, पुढे बोट आहेच.

इथे माझं डोकं ठिकाणावर नाही. सकाळी आम्हाला समुद्र किती चढणार याचं गणित शिकवतात आणि दुपारी धोरणाच्या तासाला, त्याबद्दल कुणी काही का करणार नाही ते शिकवतात. हवामानबदलाची पदवी म्हणजे एवढंच. मधल्या सुट्टीत आम्ही हरभऱ्याची लबलाबी खातो, तिच्यात हरीसाची चटणी घरच्यासारखी तिखट नसते.

सुट्टीआधी एकदा वर्गात संगणकातला समुद्र दाखवला. सगळी पृथ्वी चौकोनांत कापलेली. मी आपली करकना बेटं शोधली, तर नाहीतच. चौकोन इतके मोठे की आपल्याला सरळ पाणी म्हणून धरलंय. मी हात वर करून म्हटलं, "सर, माझे आईवडील त्या पाण्यात राहतात." सगळे हसले. मीही हसले आणि मग दिवसभर धुमसत राहिले.

त्याच रागात मी माझ्या मार्गदर्शक मादाम सुआद यांना तुमच्या वह्यांबद्दल सांगितलं. आपली शर्फिया म्हणजे काय, इथून सुरुवात करावी लागली: उथळ समुद्रात खजुराच्या झावळ्या रोवून भिंत करायची, मासा त्या भिंतीच्या कडेकडेने आपल्या पायांनीच सापळ्यात येतो. (मादाम म्हणाल्या, माशाला पाय नसतात. असो.) दर शरदात पहिल्या दिवशी, ओहोटी पुरती लागली की तुम्ही सापळ्याच्या दाराशी त्याच सपाट शिळेवर उभे राहता आणि पाणी अंगावर कुठवर आलं ते लिहून ठेवता. १९९९, नाभीखाली पाच बोटं. तिथपासून आजवर एक वर्ष चुकलेलं नाही. मादाम खुर्चीतून उठल्याच. माझा प्रबंध आता त्यावरच आहे.

म्हणून तर सुट्टीत मी उम्मीच्या शिवणाच्या टेपने तुम्हाला अंगणात मोजलं. जमिनीपासून नाभी एकशे नऊ सेंटिमीटर, एक बोट म्हणजे दोन. उम्मी तेव्हा चुलीवरचं बघून येते म्हणाली ती परत आलीच नाही. तुमचं उघडं पोट बघून तिला लाज वाटली असणार.

एकच गोष्ट खुपते. २०१६ला नाभीखाली दोन बोटं आणि २०१७ला एकदम नाभीवर सात. एका वर्षात अठरा सेंटिमीटर? त्या वर्षी काय झालं होतं?

तुमची शिराझ


उलाद सालम, २६ फेब्रुवारी २०२३

पोरी,

पत्र पोचलं. सोबत वाळवलेला ऑक्टोपस पाठवतोय, बशीरला त्यातला अर्धा खाऊ देऊ नकोस. तुझी उम्मी चुलीवरचंच बघायला गेली होती. माझं पोट ती छत्तीस वर्षं बघतेय.

२०१७चं विचारतेस. त्या हिवाळ्यात मोठं वादळ आलं, तळ खरवडून नेला. समुद्र तुझ्या वर्गासारखा वेळापत्रकाने चालत नाही.

तुझ्या मादामना माझा सलाम सांग. माझ्या पोटाचं माप आता राजधानीत गेलंय, तेव्हा जेवताना जपून खातो.

खमैस रोज कॉफीला येतो. चुलतभाऊ आहे, दार कसं लावणार? कप तोंडाला आणि नजर माझ्या पायांवर. माझ्या आजोबांची अट तुला ठाऊकच आहे. आपला समुद्राचा तुकडा त्याच्याकडेच राहील, जो दर शरदात पहिली झावळी स्वतः पाण्यात उभं राहून रोवेल. ज्या वर्षी हे जमणार नाही, त्या वर्षी तुकडा खमैसच्या घराकडे जाईल. त्याचे दोन दांडगे मुलगे दारात उभेच आहेत. मला तू एकटी, तीही समुद्र वहीत मोजणारी.

माझे पाय ठीक आहेत. तू विचारलं नव्हतंस, तरी सांगतो.

बाबा


ट्युनिस, २ एप्रिल २०२३

बाबा,

रोजे कसे चाललेत? इथे संध्याकाळी सगळ्या मुलींच्या घरून फोन येतात, मी तुमची जुनी पत्रं वाचत खजूर खाते.

मोठी बातमी आहे. तेवीस वर्षांत सव्वीस सेंटिमीटर! मादामनी आकडा तीनदा तपासला. त्या म्हणतात वादळ वगैरे नाही, आपल्या बाजूची जमीनच खचत असणार. वर पाणी चढतंय, खाली जमीन बसतेय. सरकारची किनाऱ्याचा आराखडा करणारी एक समिती आहे, तिला आता हा आकडा हवाय. बाबा, तीस वर्षं अभ्यास केलेली माणसं जिथे पोचत नाहीत तिथे तुमची वही पोचली. मी दोन रात्री झोपले नाही.

आणि तरी चैन पडत नाही. वादळाने वाळू खरवडते, शिळा खरवडत नाही. हे मला तुमचं पत्र वाचल्याबरोबर कळलं होतं, लिहायला पाच आठवडे लागले. कारण जमीन खचण्याची गोष्ट मला आवडली, बाबा. ती आवडावी अशीच आहे.

एकदाच विचारते, मग नाही विचारणार. २०१७ला मोजलं ते त्याच शिळेवर ना?

शिराझ


उलाद सालम, २४ एप्रिल २०२३

पोरी,

ईद मुबारक. तू आली नाहीस म्हणून उम्मीने सातूचा कुसकुस निम्माच केला आणि तोही उरला. खमैसच्या धाकट्याने नवी मोटर घेतली, आवाजानेच मासे पळतात. शेजारच्या मन्सूरने छपराला निळा रंग दिलाय, लांबून घर बोटीसारखं दिसतं. बकरीला दोन पिल्लं झाली, एक काळं, एक कसलंच नाही.

शिळा तीच.

बाबा


ट्युनिस, २० मे २०२३

बाबा,

प्रबंध दिला. चार जुलैला परीक्षकांपुढे उभं राहायचं आहे. सगळ्या मुली अभिनंदन करतात.

समितीने कच्चा नकाशा दाखवला. ज्या किनाऱ्यावर पाणी पंधरा सेंटिमीटरच्या वर चढलंय, तो लाल. लाल म्हणजे सोडून द्यायचा. धक्क्याची दुरुस्ती नाही, रस्ता नाही, शर्फियांचे परवाने पुन्हा मिळणार नाहीत, लोकांना "टप्प्याटप्प्याने" दुसरीकडे हलवायचं. दुपारच्या तासाला हा शब्द मी स्वतः निबंधात वापरलाय, चांगले गुण मिळाले होते.

आपल्या सगळ्या बेटांवर एकच गाव लाल आहे. शेजारचं हिरवं. मी बोट ठेवून बघितलं, लाल रेष मन्सूरच्या निळ्या छपरावरून जाते आणि आपल्या अंगणात संपते.

खरं असेल तर खरं आहे, बाबा. पाणी चढलं असेल तर माझ्या गावाचं आहे म्हणून मी ते खाली आणू शकत नाही. हेच तर शिकायला आले. पण संगणकाने आपल्याला पाणी म्हटलं तेव्हा मी भांडले, आणि आता मीच नकाशावर तेच लिहून दिलंय.

उम्मीला काही सांगू नका. नाहीतर सांगा. मला कळत नाही.

शिराझ


उलाद सालम, २ जून २०२३

शिराझ,

हे पत्र चौथ्यांदा लिहितोय. तीन चुलीत गेली. चौथ्याचा कागद तुझ्या उम्मीने स्वतः पुढ्यात ठेवला आणि म्हणाली, "हे पाठवा, नाहीतर मी स्वतः बोटीने जाते."

शिळा तीच होती. माणूस तो नव्हता.

२०१७च्या उन्हाळ्यात मी बोटीवरून पडलो. तुला पाय मुरगळला म्हणून कळवलं होतं. मुरगळला नव्हता, खुबा गेला. जमिनीवर काठीने निभतं, ती तू वयाची समजलीस, पण पाणी गुडघ्याच्या वर आलं की डावा पाय माझा राहत नाही. शरद आला. मी अंगणात बसून रडलो. हे लिहायलाच हवं का माहीत नाही, पण तुझ्या अभ्यासात काही गाळायचं नसतं म्हणे. तुझी उम्मी बघत होती. म्हणाली, "रडून झालं की तुमची ती रबरी विजार द्या इकडे."

तेव्हापासून सहा शरद तीच उतरते. पहाटे, माझा कोट, माझी टोपी घालून. मी बोटीत बसतो. किनाऱ्यावरून बघणाऱ्याला दोन माणसं दिसतात, त्यातलं उभं कोण ते दिसत नाही. पहिली झावळी ती रोवते, सगळ्या झावळ्या तीच रोवते. पहिल्या वर्षी बोटीपाशी आली आणि म्हणाली, "नाभीवर सात बोटं." मी लिहिलं. झावळ्याही तिने आपल्याच अंगावर मापून कापल्या. जो रोवतो तो आपल्या अंगाने कापतो, आपल्याकडे असंच चालत आलंय. भिंत बरोबर बसली, मासे आले. वहीतली नाभी बदलली हे मला सुचलंच नाही. ती माझ्या खांद्याएवढीही नाही, आणि मी तिचं पाणी माझ्या नावावर लिहीत गेलो.

तू टेप घेऊन आलीस तेव्हा सुचलं. उम्मीलाही सुचलं, म्हणून ती चुलीकडे पळाली. मी गप्प राहिलो, कारण बोललो असतो तर खमैसला कळलं असतं आणि तुकडा गेला असता. खरं तर तेवढंच नाही. तुझ्या डोळ्यांसमोर मी अजून त्या शिळेवर उभा होतो. तिथून मला उतरायचं नव्हतं.

काल मन्सूर आला होता. छपराचा रंग उरलाय, तुमच्या दाराला लावू का म्हणाला. त्याच्याकडे बघवेना.

काय करायचं ते तू सांग. मी करीन.

बाबा


ट्युनिस, ९ जून २०२३

बाबा,

तुमचं पत्र वाचून मी पहिल्यांदा भिंतीवर चप्पल मारली. शेजारची मुलगी विचारायला आली, झुरळ आहे का. म्हटलं, हो, मोठं आहे.

तुम्ही पडलात आणि मला सांगितलं नाहीत. सहा वर्षं! मी सुट्टीत येऊन तुमच्यासमोर बसून कोळंब्या खायची आणि त्या पकडणारी समोर ताट वाढत असायची. तिचे हात किती फुटलेत ते मी बघितलं होतं. भांडी घासून फुटले असतील समजले. समुद्राचा अभ्यास करते मी!

मादामना सगळं सांगितलं. त्यांनी प्रबंध काढून २०१७चं पान उघडलं. मग म्हणाल्या, "एका वर्षात अठरा सेंटिमीटर, शिराझ. आणि आपण दोघींनी मिळून जमीन खचवली." त्यानंतर त्या माझ्याशी सरळ बोललेल्या नाहीत. चार जुलै रद्द झाली. पुढची तारीख फेब्रुवारीत, तोवर शिष्यवृत्ती संपेल, म्हणून मी एका शाळेत गणिताच्या शिकवण्या धरल्यात. समितीला पत्र दिलं. आकडा बाजूला ठेवू म्हणाले. लाल रेषेबद्दल विचारलं तर म्हणे, दुसरा पक्का आकडा आणा, मग बघू.

तुमच्यावर चिडले आहेच. पण शिळा खरवडत नाही हे माहीत असून मी पुढे गेले, त्याचं काय करू? तुम्ही एक गोष्ट लपवलीत, मी ती आनंदाने लपवू दिली.

आता ऐका. आकडा सुटू शकतो. तुम्ही आणि उम्मी एकाच वेळी, त्याच पाण्यात, त्याच शिळेवर उभे राहायचं. दोघांच्या अंगावर पाणी कुठवर येतं ते टेपने मोजायचं. दोघांतला फरक कळला की मागची सहाही वर्षं दुरुस्त होतात. दिवसाढवळ्या, उजेडात. आणि घराबाहेरच्या माणसाने मोजून खाली सही करायची. त्याशिवाय परीक्षक मानणार नाहीत.

घराबाहेरचा, तरीही ती शिळा ओळखणारा एकच माणूस आहे. मी काय मागतेय ते मला कळतंय, बाबा. तुकडा जाईल कदाचित. पण नकाशा तसाच राहिला तर गाव जाईल.

नाही म्हणालात तरी मी तुमचीच आहे. पण हो म्हणा.

शिराझ


उलाद सालम, २१ जून २०२३

पोरी,

हो.

खमैस कॉफीला आला तेव्हा मी सांगितलं. कप खाली ठेवला त्याने. "सहा वर्षं?" म्हणाला. "सहा." मग उम्मीकडे वळला, "त्या वर्षी कोळंबीचे ढीग लागले होते, ते पण तू?" ती म्हणाली, "नाही, बकरीने पकडले." तो हसला नाही. टोपी घालून निघून गेला.

तरी रविवारी दुपारी ओहोटीला आला, स्वतःचा टेप घेऊन, आमचा चालणार नाही म्हणाला. सोबत दोन्ही मुलगे. किनाऱ्यावर बायका, मन्सूर, शाळामास्तर, सगळं गाव. माझ्या लग्नालाही एवढी माणसं नव्हती.

मी बोटीतून शिळेवर उतरलो आणि डावा पाय गेला. तुझ्या उम्मीने कंबरेला धरलं. गावासमोर! छत्तीस वर्षांत तिने बाहेर माझा हातही धरला नव्हता. म्हणाली, "ताठ उभे राहा, पोरीचा आकडा चुकेल." मी ताठ उभा राहिलो. खमैस छातीभर पाण्यात वाकून आधी मला मोजत होता, मग तिला, मग परत मला. दोनदा. चेहरा दगडासारखा.

त्याचा कागद सोबत आहे, सहीसकट. माझी नाभी एकशे नऊ, तिची एक्याण्णव. फरक अठरा. तुझे अठरा सेंटिमीटर आमच्या दोघांच्या मधेच होते.

मी गणित केलं, तू तपास. तेवीस वर्षांत आठ सेंटिमीटर. एवढंच.

सही करून खमैस म्हणाला, "महफूद, मी तुकडा मागणार. आजोबांची अट आहे. शरदात पहिल्या दिवशी झावळी घेऊन येईन. त्याआधी कुणी उजेडात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, पहिली झावळी रोवली तर परत जाईन." आणि उम्मीकडे न बघता गेला. त्याच्या मनात काय आहे कळत नाही. मला आता बसवत नाही, झोपवत नाही. ती मात्र शांतपणे झावळ्या निवडतेय.

बाबा


ट्युनिस, १ जुलै २०२३

बाबा, उम्मी,

गणित बरोबर आहे. आठ. मादामनी कागद वाचला आणि आज पहिल्यांदा मला चहा विचारला. आठवर कुणी खुर्चीतून उठत नाही. समितीला तर तो आकडा फारच किरकोळ वाटला, तरी रेष फिकी करतो म्हणाले. पुसतो नाही म्हणाले.

वहीत आता एक रकाना वाढवा, "उभं कोण". माणूस बदलला तरी चालेल, लिहायचं मात्र. आणि यंदाचं पान ज्याने मोजलं त्यानेच लिहायचं. उम्मी चार इयत्ता शिकली आहे, मला माहीत आहे.

मी शरदात येऊ शकत नाही, शिकवण्या आहेत. बोटीच्या वेळा पाठ आहेत तरी रोज बघते.

शिराझ


उलाद सालम, ३० सप्टेंबर २०२३

दिवस: शनिवार. काल पौर्णिमा झाली. वारा: वायव्येचा, थोडा.
वेळ: ओहोटी पुरती. ऊन होतं.
पहिली झावळी: मी रोवली. खमैस भावजी माझ्याआधी येऊन किनाऱ्यावर उभे होते, खांद्यावर झावळ्यांचा भारा. मी उतरले. ते उतरले नाहीत. मी पहिली रोवून हात पुढे केला तेव्हा त्यांनी आपल्या भाऱ्यातली दुसरी दिली. तिसरीही दिली. त्यांच्या झावळ्या माझ्या मापाच्या कापलेल्या होत्या.
उभं कोण: मब्रूका, महफूदची बायको. नाभी जमिनीपासून ९१.
पाणी: नाभीवर साडेआठ बोटं. मागच्या वर्षी आठ होती. तेव्हाही मीच होते.

शिराझ, तुझे बाबा बोटीतून ओरडत होते, नीट बघ, नीट बघ. मी तीनदा बघितलं. अर्धं बोट आहे. ते कुणाला किरकोळ वाटलं तर वाटू दे. पाणी चढतंय, पोरी. तेवढंच लिही.